दारात इलेक्ट्रिक गाडी येण्याआधी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चा होते ती किमतीची, रंगाची आणि एकदा चार्ज केल्यावर ती किती किलोमीटर जाते याची. चार्जरचा विषय शेवटी निघतो आणि ‘कंपनीचा माणूस येऊन बसवून जाईल’ असे म्हणून तिथेच मिटवलाही जातो. पेट्रोलची गाडी रात्री घरासमोर नुसती उभी असते. इलेक्ट्रिक गाडी रात्रभर घराच्या तारांना जोडून उभी असते, आणि तेव्हा घरातली सगळी माणसे झोपलेली असतात. म्हणून या महिन्यात आम्ही गाडीबद्दल कमी आणि घराच्या वायरिंगबद्दल जास्त बोलणार आहोत. हे पान घरातल्या बायकांनी आवर्जून वाचावे अशी आमची विनंती आहे. वायरमन येतो तेव्हा बहुतेक वेळा घरी त्याच असतात आणि ‘इथे बसवू का?’ हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘हायब्रिड’ या नावाखाली दोन प्रकारच्या गाड्या येतात. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस किंवा मारुतीची ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड मॉडेलमध्ये बॅटरी गाडी चालताना आणि ब्रेक लावताना आपोआप भरते. त्यांना घरी काहीही बसवावे लागत नाही. ज्या गाडीला बाहेरून केबल जोडायचे तोंड असते ती प्लग-इन हायब्रिड. पुढचे सगळे त्या गाडीसाठी आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाडीसाठी आहे.

मोठी पेटी हवी की साधा पॉईंट?

भिंतीवरच्या पेटीला आपण चार्जर म्हणतो. पण घरच्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करणारे यंत्र गाडीच्या आतच असते. भिंतीवरची पेटी वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोचवते, किती अँपिअर मिळतील ते गाडीला कळवते आणि काही बिघडले तर पुरवठा तोडते. याचा व्यवहारातला अर्थ असा की गाडीतले यंत्र ३.३ किलोवॉटचे असेल, तर भिंतीवर ७.२ किलोवॉटची पेटी लावूनही गाडी लवकर भरणार नाही. पैसे मात्र जास्त जातील. शोरूममध्ये हा आकडा नक्की विचारा.

आता गरजेचा हिशेब करू. छोटी इलेक्ट्रिक मोटार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असे धरा. मुलांची शाळा, दुकान, बाजार मिळून रोजचे ३० किलोमीटर झाले तर सव्वाचार युनिट लागतात. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, ती धरून पाच युनिट. १५ अँपिअरच्या पॉईंटवरून गाडी तासाला साधारण तीन युनिट घेते. म्हणजे दिवसभराची भरपाई पावणेदोन तासांत होते. टाटा टियागोची २४ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी याच पॉईंटवर ती साधारण नऊ तासांत भरते.

यावरून आमचे मत असे की बहुतेक घरांना १५ अँपिअरचा एक चांगला, स्वतंत्र पॉईंट पुरतो. ज्यांच्या गाडीची बॅटरी मोठी आहे, रोजचा प्रवास शंभर-दीडशे किलोमीटर आहे किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत त्यांनी ७.२ किलोवॉटची पेटी घ्यावी. ती ३२ अँपिअर वीज ओढते. ११ किलोवॉटच्या पेटीला थ्री फेज जोडणी लागते आणि साध्या कुटुंबाला तिची गरज क्वचितच पडते. पेटीवर वाचलेले पैसे तार, अर्थिंग आणि ब्रेकर यांवर घाला. आमच्या मते खरी सुरक्षितता तिथे विकत मिळते.

गिझर चालतो, मग गाडी का नाही?

‘आमच्या याच पॉईंटवर इतकी वर्षे गिझर चालतो, मग गाडी का चालणार नाही?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. दोन किलोवॉटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर घेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापले की बंद पडतो. तोवर तार जेमतेम कोमट होते आणि पुन्हा थंड होते. गाडी मात्र चौदा-पंधरा अँपिअर वीज सहा-सहा, आठ-आठ तास सलग ओढते. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नऊऐवजी पंधरा अँपिअर झाले की उष्णता दीडपट नव्हे, जवळजवळ तिप्पट होते, आणि थंड व्हायला वेळच मिळत नाही.

सगळ्यात धोक्याची जागा असते ती सॉकेटमधली सैल पकड. तिथे एक दशांश ओहम इतका किरकोळ अडथळा असला तरी १६ अँपिअरला त्या एका टोकावर २५ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळवणारी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तशी एक आयर्न रात्रभर प्लास्टिकच्या सॉकेटात खुपसून ठेवली तर काय होईल, याचा विचार करा. सॉकेट पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वितळतो.

म्हणून वायरमनला आधीच स्पष्ट सांगा की गाडीची तार मीटरजवळच्या मुख्य बोर्डातून थेट निघेल. वाटेत जोड नसेल आणि तिच्यावर दुसरे काही चालणार नाही. १५ अँपिअरच्या पॉईंटसाठी ४ स्क्वेअर एमएमची, ७.२ किलोवॉटच्या पेटीसाठी किमान ६ स्क्वेअर एमएमची आणि अंतर तीस मीटरच्या पुढे असेल तर १० स्क्वेअर एमएमची तांब्याची, आयएसआय छापाची तार मागा. सॉकेट चांगल्या कंपनीचा, १६ अँपिअर लिहिलेला आणि नवा असावा. एक्स्टेन्शन बोर्ड गाडीला कधीच लावू नये, एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

त्या तारेवर दोन वेगळे रक्षक लागतात. एमसीबी तारेला वाचवतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. ३० मिलिअँपिअर इतकी वीज गळाली तरी तो क्षणात पुरवठा तोडतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आरसीसीबीवर प्रकार लिहिलेला असतो. गाडीतून डीसी वीजही गळू शकते आणि ती असताना ‘एसी’ प्रकारचा स्वस्त आरसीसीबी फसू शकतो. म्हणून निदान ‘ए’ प्रकारचा घ्यावा आणि पेटीच्या माहितीपत्रकात याहून वरचा प्रकार सांगितला असेल तर तोच लावावा.

अर्थिंगला फसवू नका

गाडीची केबल चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते. अर्थिंग नसेल किंवा कमजोर असेल तर लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेत नाही. अनेक जुन्या घरांत इथेच घोडे अडते. मग एखादा वायरमन ‘दोन मिनिटांत करून देतो’ म्हणतो आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून एक छोटी तार अर्थच्या टोकाला जोडतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश होतात.

हे काम कोणालाही करू देऊ नका. अशा जोडणीत पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरू शकतात. पावसात ओल्या पायांनी दार उघडणाऱ्या माणसाला ते कळायला वेळही मिळणार नाही. शिवाय या जोडणीवर आरसीसीबी टिकत नाही, सारखा पडतो. म्हणून ‘हा खराब आहे’ असे सांगून तोही काढून टाकला जातो. म्हणजे एका खोट्या हिरव्या दिव्यासाठी दोन्ही संरक्षणे जातात.

कोकणात हा प्रश्न अधिक अवघड आहे. रत्नागिरी, राजापूर, मंडणगड अशा भागांत घराखाली जांभा दगड असतो. वरवर खणून पुरलेला रॉड पावसाळ्यात चांगले काम करतो आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी झाली की निकामी होतो. खड्डा खोल घ्यावा, त्यात ओल धरून ठेवणारे मिश्रण भरावे आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे. खाऱ्या हवेने जोडाचे नटबोल्ट गंजतात, तेही वर्षातून एकदा पाहावेत. काम झाल्यावर वायरमनला मल्टीमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यात जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकाच व्होल्ट दिसला पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टहून अधिक नको.

आखातातून आलेली केबल

आपल्या अनेक घरांचा कमावता माणूस दुबई, दोहा, मस्कत किंवा कुवेतला असतो. तिकडे इलेक्ट्रिक गाड्यांच्या केबल सहज मिळतात आणि सुट्टीवर येताना कोणी भाऊ किंवा मामा प्रेमाने एखादी घेऊनही येतो. तिचा प्लग तीन चपट्या पिनांचा, १३ अँपिअरचा असतो. त्या देशांत सॉकेटही त्याच मापाचा असतो आणि प्लगच्या आत फ्यूज असतो. आपल्याकडचा १६ अँपिअरचा सॉकेट गोल पिनांचा आहे. मग मध्ये ‘कन्व्हर्टर’ म्हणून मिळणारा छोटा प्लग घातला जातो. तो मोबाईल चार्जर किंवा इस्त्रीपुरता बनवलेला असतो, आठ तासांच्या गाडीसाठी नाही. त्याची पकड सैल असते आणि वर सांगितलेली सोल्डरिंग आयर्न तिथेच तयार होते. ही केबल कपाटात ठेवलेली बरी. गाडी भारतात घेतली असेल तर तिच्यासोबत मिळालेलीच केबल वापरा.

वीजबिल आधी वाचा

वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक आकडा असतो. जुन्या जोडण्यांवर तो बहुधा लहानच असतो. आता घरचा एकूण वापर मांडा: दीड टनाचा एसी दीड-पावणेदोन किलोवॉट, गिझर दोन, पाण्याची मोटर पाऊण, फ्रिज-पंखे-दिवे मिळून अर्धा. त्यात गाडीचे ३.३ घातले की बेरीज आठच्या पुढे जाते. बिलावरचा भार याहून फार कमी असेल तर आधी तो वाढवून घ्या. त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. हे टाळणे म्हणजे मीटरपर्यंत आलेल्या जुन्या तारेवर न झेपणारे ओझे टाकणे.

सगळी यंत्रे एकाच वेळी चालवू नयेत हाही साधा उपाय आहे. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत चार्जिंगची वेळ ठरवता येते. रमजानमध्ये सहरीच्या वेळी गिझर, मोटर, मिक्सर सगळे एकदम सुरू होते. गाडीचे चार्जिंग रात्री अकरा ते तीन असे लावले तर स्वयंपाकघराला वीज मोकळी मिळते आणि एमसीबीही पडत नाही.

दराबद्दल अनेकांना शंका असते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांचे आहेत. घरचा वापर महिन्याला २२० युनिट असेल आणि गाडीचे पंचवीस दिवसांचे १२५ युनिट त्यात आले, तर एकूण ३४५ होतात. त्यांतल्या शेवटच्या ४५ युनिटांनाच वरच्या टप्प्याचा दर बसतो, साऱ्या बिलाला नाही. ज्यांचा वापर आधीच ५०० च्या आसपास आहे त्यांनी गाडीसाठी वेगळा मीटर परवडतो का ते पाहावे. अशा मीटरला चार्जिंगच्या वर्गाचा दर लागतो, पण स्थिर आकारही वेगळा भरावा लागतो. दोन्ही आकडे कागदावर मांडून मगच ठरवा.

घराचे छप्पर स्वतःचे असेल तर सौर पॅनेलचा विचार जरूर करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान आहे. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते, म्हणजे सव्वा किलोवॉटमध्ये रोजचे ३० किलोमीटर निघतात. घरचा इन्व्हर्टर मात्र गाडीला जोडू नका. तो त्या कामाचा नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

मीरा रोड, मुंब्रा, कोंढवा अशा ठिकाणी आपली बहुतेक कुटुंबे सोसायटीत राहतात. गाडी खाली उभी, मीटर एका कोपऱ्यात, घर पाचव्या मजल्यावर. घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट केले आहे. नव्या इमारतींतल्या पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी, अशी दुरुस्ती केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींत २०१९ मध्ये झाली. तरीही जुन्या सोसायटीत तार सगळ्यांच्या भिंतीवरून जाते. तेव्हा हक्काच्या भाषेआधी विश्वासाची भाषा कामी येते.

कमिटीला तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. त्यात तार कोणत्या मार्गाने जाईल त्याचा नकाशा, भार किती, काम करणारा ठेकेदार परवानाधारक आहे याचा पुरावा आणि खर्च आपला आहे हे लिहा. वीज शक्यतो स्वतःच्या मीटरवरूनच घ्या. ते शक्य नसेल तर सामाईक जोडणीवर सब-मीटर लावून दरमहा रीडिंगप्रमाणे पैसे भरण्याचे लेखी ठरवा. सामाईक मीटरची वीज ही सगळ्या सभासदांची अमानत आहे. दोन रात्रीच गाडी लावली, कोणाला कळणार आहे, असे म्हणून ती वापरणे योग्य नाही. आणि एकदा ते कळले की पुढच्या दहा जणांचा अर्ज अडतो. कमिटीच्या आगीच्या भीतीला हसू नका. ती रास्त आहे आणि तिचे उत्तर चाचणी अहवालानेच द्यावे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. इमारतीला येणाऱ्या विजेची एक मर्यादा असते. पहिले तीन-चार गाडीवाले मोठ्या पेट्या बसवून शिल्लक क्षमता वापरून टाकतात आणि मग दहाव्या सभासदाला ‘आता ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल, खर्च तुम्ही करा’ असे ऐकावे लागते. हे टाळायचे असेल तर पहिलीच गाडी आली की सभेत नियम ठरवावा. सगळ्यांना सारखी, लहान क्षमतेची सोय आणि शक्य तिथे एकच जाड सामाईक लाईन, जिच्यावर प्रत्येकाचा वेगळा मीटर. स्वतंत्र दहा तारा ओढण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि सुरक्षितही राहते. भाडेकरूंनी घरमालकाची इजाजत लेखी घ्यावी. भिंतीवरच्या पेटीपेक्षा पॉईंट आणि गाडीसोबतची केबल त्यांना सोयीची, कारण घर बदलले तरी केबल सोबत येते.

भिवंडी-मालेगावच्या दाट मोहल्ल्यांत गाडी गल्लीत उभी असते. खिडकीतून तार टाकून, लोकांच्या डोक्यावरून किंवा पायांखालून नेऊन ती चार्ज करणे हा उपाय नव्हे. तिथून लहान मुले धावतात आणि पावसात पाणी साचते. जिथे स्वतःची जागा नाही आणि दुकानात किंवा कामावर चार्जिंगची सोय नाही, तिथे आज इलेक्ट्रिक मोटार घेण्याची घाई करू नये, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते. ज्यांच्याकडे बॅटरी काढता येणारी स्कूटर आहे त्यांनी ती बॅटरी जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्ज करू नये. तिथे काही पेटले तर घराबाहेर पडायचा रस्ताच बंद होतो.

बसवल्यानंतर

पहिल्या रात्री गाडी लावल्यावर तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, वास येत असेल किंवा सॉकेटचा रंग बदलला असेल तर चार्जिंग लगेच थांबवा आणि वायरमनला बोलवा. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ लिहिलेले बटण दाबा. तो पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलावा. ही पहिली तारीख घरातल्या एका व्यक्तीने लक्षात ठेवावी, आणि कोणते बटण खाली केले की गाडीची वीज जाते हे दादीपासून शाळकरी मुलापर्यंत सगळ्यांना माहीत असावे.

पॉईंट छपराखाली आणि पाण्याच्या पातळीच्या वर असावा. महाड आणि चिपळूणने जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर चढते ते पाहिले आहे. अशा गावांत त्या खुणेच्या वरच पॉईंट घ्यावा आणि पाणी चढू लागले की आधी मेन स्विच बंद करावा. विजांचा कडकडाट सुरू झाला की केबल काढून ठेवावी.

कामाचा क्रम थोडक्यात असा: आधी वीजबिल वाचणे, मग सोसायटीची किंवा घरमालकाची लेखी संमती, मग तार आणि अर्थिंग, मग ब्रेकर, मग चार्जर आणि सगळ्यात शेवटी गाडीचे बुकिंग. शोरूमचा माणूस हाच क्रम उलटा सांगेल. त्याला आपल्या घरात झोपायचे नसते.